८ बाय ४२ ची दुर्बीण, आमची झाडं आणि एक अख्खं वर्ष

मागच्या ऑक्टोबरात घेतली, आता वर्ष झालं म्हणून लिहितेय, चार दिवस वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा विश्वासच बसत नाही. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपयच्या पुढे. मागे कुळागर म्हंजे माडा-पोफळींची बाग, पुढे आंबा, फणस, भिरंड (कोकम) आणि हद्दीला माट्टी नि किंदळ ही रानातली उंच झाडं. लोक दुर्बीण पक्ष्यांसाठी घेतात, मी घेतली झाडांच्या शेंड्यांसाठी. आमची झाडं एवढी उंच की खालून नुसता बुंधा आणि वर हिरवं दिसतं, वर काय चाललंय त्याचा पत्ताच नाही.

आधी एक स्वस्तातली झूमवाली होती, तिला पहिल्याच पावसाळ्यात आतून बुरशी आली, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुकानदार म्हणाला गोव्यात असंच होणार. मला ते अजिबात पटलं नाही. ह्यावेळी वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली (म्हंजे आत दमट हवा नाही) बघून घेतली आणि जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवली, निळे दाणे गुलाबी पडले की तापवून परत निळे करायचे एवढंच काम. काच अजून लख्ख आहे.

८ म्हंजे किती पट मोठं दिसतं ते. ८ की १० म्हणाल तर ८ च घ्या. १० पटवाली भाचीकडे आहे, पण हातात धरून वर बघायचं म्हंजे मान मागे, हात अधांतरी, चित्र थरथरतं, कुठलं पान कुठल्या फांदीचं तेच कळत नाही. आणि ४२ म्हंजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, तो मोठा म्हणून उजेड जास्त आत येतो, कुळागरात संध्याकाळी पाच वाजताच अंधारायला लागतं तिथे ह्याचा खरा फरक कळतो.

पहिला धक्का नोव्हेंबरात. सातवणीच्या फुलांचा वास गावभर सुटलेला असतो तेव्हाच किंदळ वरून गंजल्यासारखा लालसर होतो, मी लहानपणापासून त्याला फुलंच समजत आले. दुर्बिणीतून बघितलं तर ती फळं! एकेका फळाला पंख, घोसच्या घोस. फुलं पांढरट असतात आणि ती आधीच येऊन गेलेली.

मग आंब्याचा मोहोर. तुडतुडे आलेत का, पानांवर काळी बुरशी धरलीय का ते आता खालूनच कळतं. माडांचंही तसंच, झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या व्ही आकारात कातरलेल्या दिसल्या म्हंजे गेंड्या भुंगा, पाडेली (नारळ पाडणारा) आला तेव्हा त्याला आधीच सांगितलं कुठल्या माडाची सुय, म्हंजे मधला कोवळा कोंब, बघ, आणि खरंच दोन माडांत भुंगे निघाले. फेब्रुवारीत सांवर (काटेसावर), एकही पान नाही, नुसती लाल फुलं आणि त्यात डोकं खुपसलेले पक्षी.

पण पैसे वसूल झाले ते जूनच्या तोंडावर. पुढच्या आंब्याच्या वरच्या फांदीवर सीतेची वेणी फुललेली दिसली! हे आमराईतलं ऑर्किड, पांढऱ्या फुलांवर जांभळट ठिपके आणि अख्खी वेणी खाली लोंबलेली. ह्या आंब्याखाली मी चाळीस वर्षं वावरतेय आणि एकदाही दिसली नव्हती. मग रोज बघायला लागले. त्याची मुळं कोरडी असताना पांढरट राखाडी असतात आणि पाऊस पडून गेला की थोड्या वेळात हिरवी होतात, हे मी बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून डोळ्यांनी बघितलंय. चतुर्थीला माटोळीसाठी, म्हंजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीसाठी, माट्टीची फळं कुठल्या फांदीवर चांगली आहेत तेही आधीच हेरून ठेवलं, चढणाऱ्या पोराचा त्रास वाचला.

बाबांना गुडघ्यामुळे आता कुळागरात उतरता येत नाही. त्यांना चष्मा आहे, पण डोळ्यांकडचे रबरी कप खाली फिरवले की चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो. दुकानात हे चष्मा लावूनच तपासा, सगळ्यांत हे नीट नसतं. आणि उजव्या डोळ्याकडची बारीक रिंग एकदा आपल्या नजरेप्रमाणे लावून घ्या, नाहीतर डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो.

तक्रारी आहेत. सोबतचा पट्टा बेकार, मान कापते, मी रुंद पट्टा वेगळा घेतला. पुढच्या काचेचं एक झाकण दोन महिन्यांत हरवलं. तीन मीटरच्या आतलं फोकस होत नाही, म्हंजे अंगणातल्या तुळशीवरचं फुलपाखरू बसल्या जागेवरून विसराच. सूर्याकडे चुकूनही रोखू नका, पोरांच्या हातात देताना हे आधी सांगा. काच शर्टाने पुसू नका, आधी धूळ फुंकून टाका.

साडेनऊ हजार गेले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, ह्या भावात दोनतीन जण सारखंच देतात, वर लिहिलंय ते तपासून घ्या. मला विचाराल तर पाचपैकी साडेचार.

बाबा सकाळी चहा झाला की पहिलं विचारतात, बाय, किंदळ लाल झाला काय? काल बघितलं, खालच्या बाजूचे दोन घोस लागलेत रंगायला.