थायोफ्लेविन-टी: तंतू दाखवणारे रंगद्रव्य, पण पेशीची पूर्ण हकीकत नव्हे

पार्किन्सन्सच्या आजारात चेतापेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांचे थायोफ्लेविन-टीवाचून पान हलत नाही. १९५९ मध्ये व्हॅसर आणि कलिंग यांनी ऊतींच्या कापांतील अमायलॉइड, म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचे साठे, दाखवण्यासाठी ते वापरले. स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून आजही त्याला तोड नाही.

ही पिवळी पूड सुट्या प्रथिनांच्या द्रावणात जेमतेम चमकते, परंतु चुकीच्या घड्या पडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू झाले, की तिचे रेणू तंतूंवरील खोबणींत अडकतात आणि सुमारे ४४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यावर ४८५ नॅनोमीटरच्या आसपास लख्ख उजळतात. प्लेट रीडर या उजेड मोजणाऱ्या यंत्रावरचा आलेख बराच वेळ सपाट राहतो, मग झपाट्याने चढतो. त्याच मिश्रणात पेशीतले एचएसपी-७० हे शॅपेरॉन (इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारे प्रथिन) घातले, तर सपाट भाग लांबतो. पेशी तंतूंना कशी थोपवते, हे इतक्या सहज दाखवणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

खरी अडचण पुढे येते. डीएनएजेबी-१ आणि एपीजी-२ या मदतनीस प्रथिनांच्या साथीने, एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून, एचएसपी-७० तयार तंतूसुद्धा सोडवते. उजेड घटतो आणि पेशी जिंकली असे वाटते. पण त्यातून निघालेले आखूड तुकडे नव्या तंतूंचे बीज ठरू शकतात, आणि अधिक विषारी मानले जाणारे ऑलिगोमर, म्हणजे थोड्याच प्रथिन-रेणूंचे छोटे पुंजके, या रंगाला बहुतांशी दिसतच नाहीत. म्हणून उजेड घटला एवढ्यावरून रोगावर उपाय सापडल्याचा दावा करणे मला धोक्याचे वाटते. नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवा. प्रथिने मोडणाऱ्या प्रोटिअझोमने किंवा पेशीतला कचरा जिरवणाऱ्या ऑटोफॅजीने किती प्रथिन संपवले, हेही या रंगावरून कळत नाही, कारण पेशीत तो आरएनएलाही चिकटतो.

हळदीतील कर्क्युमिन तपासणाऱ्यांनी तर विशेष जपावे. ते याच पट्ट्यातला प्रकाश शोषते, त्यामुळे तंतू भरपूर असूनही झालेच नाहीत असा आलेख येऊ शकतो.

विकत मिळणारी पूड बहुधा पूर्ण शुद्ध नसते. नुसत्या वजनावर न जाता ४१२ नॅनोमीटरच्या शोषणावरून संहती ठरवावी. चाचणीला १० ते २० मायक्रोमोलर पुरते. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवावे, आणि शक्यतो ताजेच वापरावे.