१३ मिमी नागलर, हातानं ढकलायची डॉब आणि साडेतीन मिनिटं

हा आयपीस, म्हणजे दुर्बिणीत डोळ्याशी बसवायचं भिंग, घ्यावा का, असं विचारणारे फोन सध्या बरेच येताहेत. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. आयपीस म्हणजे टेलिव्ह्यू या अमेरिकी कंपनीचा १३ मिमी नागलर, टाइप ६. माझी दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब, साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंग्थ १२०० मिमी, म्हणजे आरशाच्या रुंदीच्या सहापट, एफ/६. तिला मोटर नाही, गोटो (ग्रह-तारे आपोआप शोधणारी यंत्रणा) नाही, ती हातानं ढकलायची. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. तुमची दुर्बीण मोटरवर फिरत असेल तर माझं निम्मं म्हणणं तुम्हाला लागू पडणार नाही.

८२ अंशांचं दृश्यक्षेत्र (डोळ्याला दिसणाऱ्या चित्राची रुंदी), सात भिंगं, सव्वा इंची बॅरल, १२ मिमी आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते अंतर) हे सगळं तुम्हाला पाठच असेल. अल नागलर हा माणूस अपोलोच्या चांद्रयानाच्या सिम्युलेटरसाठी ऑप्टिक्स करायचा आणि १९७७ साली त्यानं टेलिव्ह्यू काढली, हेही बहुतेकांना माहीत आहे. पहिला नागलर निघाला तोही १३ मिमीचाच. त्यात डोळा जरा हलला की घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची काळी सावली यायची. टाइप ६ मध्ये ती मला एकदाही दिसली नाही. इतिहास इथेच सोडतो.

आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यात, गावापासून बरंच आत. रब्बीत हरभरा असतो, शेजारी तूर उभी असते, त्यामुळे रानडुकरं आणि रोह्यांपायी दिवाळीपासून जागलीला जावंच लागतं. रात्रभर शेतात बसायचंच आहे तर दुर्बीण सोबत असलेली बरी, म्हणून ती मचाणाखालीच ठेवतो. आजूबाजूच्या शेतांतले जागले येतात, सुटीत पोरं येतात, कधी बायामाणसंही येतात. म्हणजे हा आयपीस मी एकट्यानं वापरलेला नाही. एका रात्रीत त्याला बरेच डोळे लागतात, आणि त्यांतले कितीतरी आयुष्यात पहिल्यांदाच दुर्बिणीला लागलेले असतात.

आता विक्रेत्याचं. नाव लिहीत नाही. पूर्ण रक्कम आगाऊ घेतली, दसऱ्याच्या आत देतो म्हणाले, मग कस्टमचे वाढीव पैसे मागितले. ते दिल्यावर कुरिअरवाल्यानं आमचा पिनकोड त्यांच्या हद्दीत नाही म्हणून पार्सल तालुक्यालाच अडकवून ठेवलं. सोयाबीनचे चुकारे यायचे होते, मजुरांचे पैसे द्यायचे होते, आणि मी पार्सलमागे तालुक्याच्या चकरा मारत होतो. हे सगळं मी गिळलं असतं. पण फोनवर त्या गृहस्थांनी विचारलं, खेड्यात एवढा महागडा आयपीस कशाला हवा? त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, इथे देतो. तुमच्या शहरात वरचं आभाळ दिवा लावल्यासारखं उजळलेलं असतं. आमच्याकडे अमावस्येच्या रात्री आकाशगंगा या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत दिसते. चांगला आयपीस लागतो तो इथेच. दुर्बिणीला जेवढे पैसे मोजले जवळपास तेवढेच या एका आयपीसला गेले, आणि रुपया न् रुपया मी कापूस विकून जमवलेला आहे. तो कुठे खर्च करायचा हे विक्रेत्यानं ठरवू नये.

मुख्य मुद्दा वेळेचा आहे. ८२ अंश म्हटलं की सगळे भव्यतेबद्दल बोलतात, अंतराळात तरंगल्यासारखं वाटतं म्हणतात. वाटतं, खरं आहे. पण हातानं ढकलायच्या दुर्बिणीत रुंद क्षेत्राचा खरा अर्थ वेळ हा आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा चार मिनिटांत एक अंश सरकतो. माझ्या दुर्बिणीत १३ मिमी नागलर ९२ पट मोठं दाखवतो आणि आकाशाचा ०.८४ अंशाचा तुकडा दिसतो. दुर्बिणीसोबत आलेला साधा आयपीस, १० मिमी प्लॉसल, १२० पट दाखवतो, पण तुकडा जेमतेम ०.४२ अंशाचा. एका कडेला ठेवलेला ग्रह नागलरमध्ये दुसऱ्या कडेपर्यंत जायला साडेतीन मिनिटांच्या आसपास घेतो. प्लॉसलमध्ये पावणेदोन मिनिटांत खेळ संपतो.

पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या माणसाचं काय होतं ते बघा. आधी तो डोळा चुकीच्या जागी नेतो. मग दुसरा डोळा मिटत नाही. मग नळीला हात लावतो. मग एकदम ‘दिसलं दिसलं’ म्हणतो, आणि तिथून पुढे खरं पाहणं सुरू होतं. यात अर्धं मिनिट सहज जातं. प्लॉसलच्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या माणसालाच ऐकावं लागायचं, “काईच नाई दिसून राह्यलं ना भाऊ, गेला वाटते थो.” मग मी त्याला बाजूला करून पुन्हा ग्रह शोधायचा, तोवर रांगेतल्यांचा उत्साह मावळायचा. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा वाका म्हणायला मला संकोच वाटतो. नागलर लावल्यापासून ग्रह एका कडेला आणून ठेवतो आणि चार-पाच जण निवांत पाहून घेतात, मधे मला हात लावावा लागत नाही.

हे जमायचं तर चित्र कडेपर्यंत स्वच्छ हवं, आणि इथेच पैशांचा हिशेब लागतो. स्वस्तातल्या रुंद आयपीसमध्ये क्षेत्र रुंद असतं, पण बाहेरच्या भागात गेला की ग्रह चपटा आणि विस्कटलेला दिसतो. म्हणजे कागदावर साडेतीन मिनिटं असली तरी कामाची दोनच. नागलरमध्ये गुरूचे पट्टे पार कडेजवळही दिसत राहतात. उघड्या तारकागुच्छात अगदी कडेचे तारे किंचित शेपूट असल्यासारखे दिसतात, पण तो दोष (कोमा) एफ/६ च्या आरशाचा आहे, आयपीसचा नाही. विजेच्या खांबावर दुर्बीण लावाल तर तार कडेला वाकलेली दिसेल. आकाशात सरळ तार नसते, त्यामुळे मला त्याची अडचण नाही.

दिवाळीपर्यंत माझं मत एवढं चांगलं नव्हतं. त्या वेळी सगळ्यांना शनी पाहायचा होता आणि यंदा शनीच्या कड्याची पंचाईत होती. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्याच्या प्रतलातून गेली, त्यामुळे नोव्हेंबरातही ते जवळजवळ आडवंच होतं. ९२ पटीला ते रेघेएवढंच दिसायचं. शेजारचे आबाजी पाहून म्हणाले, “पुस्तकात त मोठं कडं दाखवते. हे त गोळ्यात सुई खुपसल्यावानी दिसते बाप्पा.” त्यांचं बरोबर होतं. ग्रहांसाठी १३ मिमी कमी पडतो, घ्यायचा तर ७ मिमीचा नागलर घ्यावा, असं मी तेव्हा दोघा-तिघांना सांगितलंही.

जानेवारीत ते मत बदललं. १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर होता, मिथुनेत, पुनर्वसूच्या जवळ. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) सुमारे २२ अंश उत्तर आणि आमचा अक्षांश साडेवीसच्या आसपास. म्हणजे मध्यरात्री गुरू बरोबर डोक्यावर. वातावरणाचा थर सर्वात पातळ, प्रतिमा स्थिर, ग्रह पाहायला याहून चांगली जागा नाही. पण ज्यांच्याकडे डॉब आहे त्यांना माहीत आहे की नळी सरळ वर केली की ती आडवी फिरवणं सर्वात अवघड होतं. बूड पुष्कळ फिरवावं तेव्हा ग्रह जरासा सरकतो. तिथे २०० पटीला दर मिनिटाला ग्रह पकडत बसणं म्हणजे छळ आहे. मी नागलर बार्लोमध्ये, म्हणजे पट दुप्पट करणाऱ्या जोडभिंगात घातला. १३ चा साडेसहा मिमी झाला, १८५ पट. क्षेत्र किती उरलं? ०.४२ अंश, म्हणजे १० मिमी प्लॉसल १२० पटीला देतो तेवढंच. पट दीडीनं वाढली आणि वेळ तोच, पावणेदोन मिनिटं. त्या रात्री दोन पट्ट्यांमधल्या बारीक गाठी आणि तांबडा डाग एवढा सावकाश मी यापूर्वी कधी पाहिला नव्हता. ज्यांना ७ मिमी सांगितला होता त्यांना फोन करून १३ आणि एक बरा बार्लो घ्या, असं कळवलं. ७ मिमीचे पैसे वाचतात आणि ९२ पटीचं दृश्य हातचं जात नाही.

बार्लोबद्दल एवढंच की तो अगदी स्वस्त प्लॅस्टिकचा नको. सात भिंगांच्या आयपीसपुढे वाईट भिंग लावलं तर सगळं वाया.

चष्म्याचं सांगायलाच हवं. १२ मिमी आय रिलीफ कागदावर बरा वाटतो, पण चष्मा घालून पूर्ण ८२ अंश दिसत नाहीत, मधला भागच दिसतो. आमच्याकडे पन्नाशीपुढचे बहुतेक जण चष्म्याचे. मी त्यांना चष्मा काढायला लावतो आणि फोकसरचं चाक त्यांच्याच हातात देतो. जवळचा-दूरचा नंबर त्यानं भरून निघतो, सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर नाही निघत. तरी प्लॉसलपेक्षा हे कितीतरी बरं. १० मिमी प्लॉसलमध्ये डोळा भिंगाला चिकटवावा लागायचा, पापण्या घासायच्या, काजळाचे डाग पडायचे. थंडीत श्वासाची वाफ धरायची ती वेगळीच. वाफ नागलरवरही धरते, विशेषतः शेजारी हरभऱ्याला रात्रीचं पाणी सुरू असलं की. तेव्हा तो काढून थोडा वेळ स्वेटरच्या खिशात ठेवतो. कुणालाही दुपट्ट्यानं पुसू देत नाही. शेतातल्या कपड्यात बारीक माती असतेच आणि ती कोटिंगवर ओरखडे काढते. आधी रबरी ब्लोअर, मगच कापड, तेही क्वचित.

मोठ्या स्वप्नाबद्दलही लिहितो, कारण विचारणारे शेवटी तिथेच येतात. टेलिव्ह्यूचाच १३ मिमी इथॉस, दृश्यक्षेत्र १०० अंश. एका ओळखीच्या निरीक्षकाच्या कृपेनं माझ्याच दुर्बिणीला तो लावून पाहिला. दृश्य थक्क करणारं आहे, यात शंका नाही. पण कडा पाहायला डोळा फिरवून डोकं कलतं करावं लागतं, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस कडेकडे जातच नाही. वजन अर्ध्या किलोच्या वर, त्यामुळे माझी नळी आडवी होत आली की खाली झुकायला लागली आणि मागे वजन बांधावं लागलं. टाइप ६ मध्ये हा प्रश्नच येत नाही. इथॉसनं वेळ आणखी वाढतो हे मान्य, पण त्यासाठी एवढे जास्तीचे पैसे मी मोजणार नाही. पाहायला मिळाला तर जरूर पाहा.

आता जिथे हा आयपीस मला सर्वात जास्त आवडला ते. एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी वर येतो. आमच्याकडून तो क्षितिजावर सुमारे २२ अंश चढतो, युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो घरून दिसतच नाही. अर्ध्या अंशाहून मोठा गोलाकार गुच्छ. प्लॉसलमध्ये तो मावायचा नाही, नुसता मधला गोळा दिसायचा. नागलरमध्ये पूर्ण मावतो आणि भोवती काळं आकाश उरतं, म्हणून तो गुच्छ आहे हे पाहताक्षणी कळतं. आधी राखाडी धुकं, मग थोडा वेळ डोळा ठेवला की त्यातून दाणा दाणा तारा सुटायला लागतो. इथेही वेळच कामाला येतो. त्या दिवसांतला त्रास म्हणजे लोक धुरे पेटवतात आणि तो धूर नेमका दक्षिणेला खाली साचतो. वारा सुटलेली रात्र निवडा. नागलरच्या क्षेत्रात ययाती तारकासमूहातला जोडगुच्छही जेमतेम बसतो. कृत्तिका मात्र मावत नाहीत, त्यासाठी २५ मिमी प्लॉसलच बरा आणि तो मी विकलेला नाही. फाल्गुन पौर्णिमेला चंद्र ग्रहण लागलेला उगवला तेव्हाही मी नागलरच लावला होता. पूर्ण चंद्र मावून चहूबाजूंनी जागा राहत होती आणि पृथ्वीची सावली हळूहळू उतरताना पोरांनी पाळीपाळीनं पाहिली.

कुणी घ्यावा? हातानं ढकलायची डॉब असेल, गावातली माणसं पाहायला येत असतील, आणि दुसरा आयपीस घ्यायची ऐपत एकदाच असेल, तर हाच घ्या. मोटरवाल्यांनी एवढा खर्च करू नये. त्यांचा ग्रह मध्येच उभा राहतो, त्यांना साध्या चांगल्या आयपीसनं भागतं. पैसे कमी असतील तर एक्सप्लोर सायंटिफिकचा १४ मिमी, ८२ अंशांचा पाहा, तो वायू भरून बंद केलेला असतो आणि किंमतही कमी. कुठूनही घ्या, पण पक्कं बिल घ्या, कस्टमसहित शेवटची किंमत लेखी घ्या आणि तुमच्या पिनकोडवर माल येतो का हे आधी विचारा.

आता मिरगाच्या आत सगळं उचलून घरी आणतोय. आयपीस हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर काही दिवसांनी उघडून भिंगं पाहायची. आमच्या पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. ऑक्टोबरात शनी पुन्हा समोर येईल तेव्हा त्याचं कडं यंदापेक्षा बरंच उघडलेलं असेल. तेव्हा आबाजींना १८५ पटीनं दाखवतो आणि काय म्हणतात ते लिहितो.