जॅमची बाटली उलटी करून बघा

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीच्या दुकानांत जॅम रंगावर खपतो, आणि फसगतही तिथेच होते. मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात; साखर पहिली दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नका, फळाचा टक्का बघा. नियमाने जॅमला किमान ४५ टक्के फळ लागतं, स्ट्रॉबेरीला मात्र २५ चालतं. घटकांत काही पदार्थ नुसत्या आकड्यांनी लिहितात: ४४० म्हणजे पेक्टिन, जॅम घट्ट करणारा पदार्थ, ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, दोन्ही ठीक. १२२ किंवा १२४ हे कृत्रिम लाल रंग दिसले, तर तो लालभडकपणा फळाचा नव्हे. मिक्स्ड फ्रूटमध्ये हे हमखास तपासा.

बाटली तिरकी केली की जॅम सावकाश, एकसंध सरकावा. वर पाणी सुटलं असेल, तर बहुतेक आम्ल जास्त झालंय. तळाशी साखरेचे खडे असले, तर आम्ल कमी पडलंय किंवा पाक फार आटलाय.

खानापूरकडचा घरगुती करवंदाचा जॅम मिळाला, तर जरूर घ्या. आंबटपणा अंगचाच, रंगाची गरज नाही. फक्त बाटली लहान घ्या. फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडा हवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या चमच्याने आठवडाभरात बुरशी धरते, आणि वरचा थर काढून उरलेला खाणं बरं नव्हे.