नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या आणि माझे २७,३६३ रुपये

२,५१४ अधिक ९,९९९ अधिक १४,८५०. तीन आठवडे हीच बेरीज करतोय, आकडा काही बदलत नाही. "चिंबोऱ्या धरायला गेला आणि स्वतःच जाळ्यात सापडला" हा विनोद मला आजवर अकरा जणांनी ऐकवलाय. त्यातला एक हवालदार होता. तेवढा सोडून काय हवं ते बोला.

फग म्हणजे काय, हे आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की ते चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायचं साधन. लोखंडी कड्याला सैल जाळं लावायचं, मधोमध आमिष बांधायचं, तीन दोऱ्यांवर तोलून धक्क्यावरून तळाला सोडायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी वर खेचायचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, धक्का मोकळा असतो, आणि आमच्यासारखे हौशी तिथे छत्र्या घेऊन बसतात. माझे जुने चार फग गंजून गेले होते. बाबा कडं वेल्डिंगवाल्याकडून वाकवून आणायचे आणि जाळं घरी विणायचे. मला आता चष्मा लावूनही गाठ दिसत नाही. म्हणून विकत घ्यायचं ठरवलं. त्यात काय चुकलं?

मोबाइलवर जाहिरात आली. 'स्टेनलेस स्टील, घडीचा फग, सहाचा सेट, एक ३९९ ला.' म्हणजे २,३९४ आणि पोचवण्याचे १२०. सोबत व्हिडिओ. एक माणूस धक्क्यावरून दोरी खेचतो आणि जाळ्यात पाच तगड्या काळ्या चिंबोऱ्या.

आता जे लिहितोय ते लिहिताना हात कापतात. त्या चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधलेल्या होत्या. बाजारात टोपलीत असतात तशा. पाण्यातून वर आलेली चिंबोरी, आणि नांग्या बांधलेल्या! बायको खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "अहो, यांना खाडीत कुणी बांधलं?" मी तिला सांगितलं, शूटिंगसाठी बांधल्या असतील, चावू नयेत म्हणून. हे मी बोललो. लहानपणापासून चिंबोऱ्या धरणाऱ्या माणसाने हे स्पष्टीकरण स्वतः तयार केलं, विक्रेत्याला तेवढेही कष्ट पडू दिले नाहीत. पैसे आगाऊच हवे होते, घरी माल आल्यावर द्यायची सोय नव्हती. तेव्हाही हात आखडला नाही.

माल आला, हे कबूल करतो. म्हणूनच पुढचं घडलं. काहीच आलं नसतं तर मी गप्प बसलो असतो.

कडं म्हणजे छत्रीच्या काडीएवढी तार. वरचा चकचकीत रंग नखाने निघाला आणि दोन भरत्यांत तांबूस गंज धरला. तार हलकी, त्यामुळे ओढीच्या पाण्यात फग तळावर सपाट बसेना, तिरका व्हायचा. आणि जाळं मच्छरदाणीसारखं बारीक. ज्याने कधी फग उचललाय त्याला कळेल. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक असली की वर खेचताना पाणी निथळत नाही, बादली ओढल्यासारखं जड लागतं, हात मध्ये थांबतो आणि चिंबोरी काठावरून खाली. कडं निदान ८ मिलिमीटर सळीचं हवं, दोनेक फूट रुंद. आस अशी हवी की बोट आरपार जाईल. आमिष तारेने घट्ट बांधा, दोऱ्याने बांधलेलं ती तोडून नेते. फोटोत सळीची जाडी दिसत नसेल तर घेऊ नका. विचारल्यावर 'बेस्ट क्वालिटी सर' असं उत्तर आलं तर तर नकोच.

मी तक्रारीचा मेसेज केला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर असताना फोन. ऑर्डर क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, माझं पूर्ण नाव बरोबर. अगदी नम्र माणूस, 'काका' म्हणून बोलत होता. "तुमचे २,५१४ परत करायचे आहेत, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा. रकमेच्या जागी ९९९९ टाका, तो रिफंड कोड आहे." पाऊस पडत होता, हाताला आमिषाचा वास, चष्मा डब्यात. पिन टाकला. ९,९९९ गेले. तो लगेच म्हणाला, "अरे काका, सिस्टिमने उलटं घेतलं, आता उलट कोड १४८५० टाका, सगळे एकत्र येतील." आणि मी टाकला! पहिल्यांदा फसलो ते समजू शकतो, दुसऱ्यांदा का, हे बायकोने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पैसे घेताना पिन लागत नाही. स्कॅनही लागत नाही. हे मला माहीत होतं. पेपरात वाचलं होतं, भाच्याला समजावलंही होतं.

पुढचं ऐका. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. विचारलं, पैसे पाठवताना कुठे होतात? मी खरं सांगितलं, धक्क्यावर. तर म्हणे धक्का आमच्या हद्दीत नाही. त्या दुसऱ्या ठाण्यात गेलो, तर म्हणे तुम्ही राहता तिकडे, बँक खातं तिकडे, तक्रार तिकडेच. जणू पैसे भरतीला इकडे आणि ओहोटीला तिकडे जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मला नंतर ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. तुम्ही आधीच पाठ करून जा. मी तिसऱ्या फेरीत कलमाचा आकडा उच्चारला तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. तिथेच तो विनोद ऐकला.

बँकेत तर आणखी मजा. "पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत आहे." अहो, अधिकृत नसता तर मी चोरी म्हटलं असतं, फसवणूक का म्हटलं असतं? अर्ज घेतला, पोचपावती मागितल्यावर शिक्का सापडेना. बारा मिनिटं शिक्का शोधला.

या धावपळीत दोन दिवस गेले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन मी तिसऱ्या दिवशी केला, आणि ही चूक निव्वळ माझी. तो फोन धक्क्यावरूनच, ओल्या हाताने, त्याच मिनिटाला करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात, एकदा काढले की संपलं. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तो सगळीकडे मागतात. चॅट पुसू नका. मी लाजेपोटी अर्धं पुसलं, बायकोने वाचू नये म्हणून.

आणि हो, "पैसे परत मिळवून देतो, फी फक्त १,५००" असा मेसेज नंतर येतो. मला चार दिवसांनी आला. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

सध्या वेल्डिंगवाल्याकडून दोन कडी करून घेतलीत, १८० रुपयांना एक. जाळं शेजारच्या काकूंनी बांधून दिलं, पैसे घेतले नाहीत. परवा तीन चिंबोऱ्या मिळाल्या, एक अंड्यांवर होती म्हणून परत सोडली.

तक्रारीपुढे अजून 'प्रक्रियेत' असंच दिसतं. जाहिरात खोटी आहे म्हणून कळवलं, तर नियमांचं उल्लंघन आढळलं नाही असं उत्तर आलं. काल रात्री ती पुन्हा दिसली. एक फग आता ३४९ ला. चिंबोऱ्या त्याच, सुतळीही तीच.