सीबीएस म्युटेशनची यीस्टमध्ये तपासणी: जनुक यीस्टचं घ्यावं की माणसाचं?

होमोसिस्टिन्युरियाच्या (शरीरात होमोसिस्टीन साठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णात सीबीएस जनुकातलं (होमोसिस्टीनपासून सिस्टीन बनवण्याची पहिली पायरी करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातलं) अनोळखी मिसेन्स म्युटेशन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारं) सापडलं, तर ते तपासायला यीस्टमध्ये दोन वाटा आहेत. एकीत यीस्टच्या स्वतःच्या सीवायएस४ जनुकात (सीबीएसच्या यीस्टमधल्या जोडीदारात) त्याच जागचं अमिनो आम्ल बदलायचं. दुसरीत सीवायएस४ काढून टाकायचं आणि माणसाच्या सीबीएसचं सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) द्यायचं. या जनुकापुरती दुसरी वाट सरस आहे.

कारण प्रथिनांतच आहे. काम एकच, पण माणसाच्या सीबीएसमध्ये हीम (लोह असलेला रेणू) असतं आणि एस-अडेनोसिलमेथिओनिन (मेथिओनिनपासून बनणारा रेणू) या एन्झाइमला चेतवतं. यीस्टच्या प्रथिनात यातलं काहीच नाही. हीमला धरून ठेवणारं अमिनो आम्ल बदललं असेल, तर यीस्टच्या जनुकात ते घालणार कुठे?

पहिल्या वाटेची सोय मात्र खरी आहे: जनुक आपल्या जागी, आपल्याच प्रमोटरखाली (जनुक किती चालेल ते ठरवणाऱ्या डीएनएच्या भागाखाली) राहतं. माणसाचं जनुक यीस्टमध्ये चालतच नसेल तर तीच निवडावी लागते. आणि असं वरचेवर घडतं. 2015 मध्ये यीस्टची 414 अत्यावश्यक जनुकं तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्यांचीच जागा मानवी जनुकांना घेता आली.

दुसऱ्या वाटेवर घसरायला होतं ते प्लास्मिडपाशी (जनुक पेशीत नेणाऱ्या छोट्या डीएनए वर्तुळापाशी). टू-मायक्रॉन प्लास्मिडच्या पेशीत पुष्कळ प्रती असतात, म्हणून अर्धमेलं प्रथिनही पेशीला तारून नेतं आणि सौम्य म्युटेशन निर्दोष ठरतं. एक-दोन प्रतींचं सेंट्रोमियर प्लास्मिड आणि बेताचा प्रमोटर वापरा. गॅल१ हा फार जोरकस प्रमोटर टाळा.

सीवायएस४ नसलेला स्ट्रेन सिस्टीनशिवाय वाढत नाही. मेथिओनिन दिलं तरी भागत नाही, कारण पुढची पायरीच तुटलेली असते. स्ट्रेन सांभाळताना माध्यमात ग्लुटाथायोन (यीस्टला सिस्टीन पुरवणारं संयुग) ठेवा, चाचणीआधी पेशी पाण्याने दोनदा धुवा. पेशीत साठलेल्या ग्लुटाथायोनवर सुरुवातीची वाढ होते, म्हणून पहिल्या दिवसाची प्लेट फसवी असते. ओडी (पेशींच्या दाटीचं माप) 0.2 पासून दहापट विरलन करत प्रत्येकी 5 मायक्रोलिटरचे ठिपके द्या, 30 अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. शेजारी रिकामं प्लास्मिड, मूळ मानवी सीबीएस आणि जी307एस (एन्झाइम निकामी करणारं ओळखीचं म्युटेशन) हवेतच. तापमानाला हळवं म्युटेशन 30 अंशांवर ठीक दिसू शकतं, म्हणून एक प्लेट 37 वरही.

सीबीएसला काम करायला बी६ जीवनसत्त्व लागतं. रुग्णाला बी६चा उपयोग होईल का, हा प्रश्न असेल तर काम वाढतं. नेहमीच्या वायएनबीमध्ये (यीस्टच्या माध्यमाच्या मिश्रणात) लिटरमागे 400 मायक्रोग्रॅम पायरिडॉक्सिन (बी६चंच एक रूप) असतंच, शिवाय यीस्ट ते स्वतःही बनवतं. म्हणून पायरिडॉक्सिनविरहित माध्यम घ्यावं लागतं आणि एसएनझेड१-एसएनओ१ ही बी६ बनवणाऱ्या जनुकांची जोडीही काढावी लागते.

स्प्लायसिंग (आरएनएतले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडणं) बिघडवणारं म्युटेशन सीडीएनएत दिसणारच नाही. त्यासाठी रुग्णाच्या फायब्रोब्लास्टमधला (त्वचेतून वाढवलेल्या पेशींमधला) आरएनए तपासा. डी444एन हे सीबीएसचं म्युटेशनही यीस्टच्या वाढीत सुटून जातं. त्याची मूळ क्रियाशीलता कमी झालेली नसते, बिघाड असतो तो एस-अडेनोसिलमेथिओनिनच्या नियंत्रणात. तिथे पेशींचा अर्क काढून एस-अडेनोसिलमेथिओनिन घालून आणि न घालता, अशी दोनदा एन्झाइमची क्रिया मोजावी लागते.