जुनं घर पाडून नवीन बांधून देणारी सर्व्हिस, रेवदंडा : १ स्टार

ठेकेदाराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असं काम करणारा आमच्या पट्ट्यात हा एकटाच नाही. पण रेवदंडा, चौल, कोर्लई, मुरूड या बाजूला ज्यांची वडिलोपार्जित घरं किल्ल्याच्या जवळ आहेत त्यांनी "पाडणं, परवानगी, बांधकाम, सगळं आमच्याकडे" असं पॅकेज घ्यायच्या आधी हे जरूर वाचा.

घर माझ्या काकांचं. रेवदंड्याच्या कोटाच्या तटाला जवळजवळ लागूनच, मागे नारळ-सुपारीची वाडी, ओटीवर बसलं की माडांच्या वर सातखणी बुरुजाचं टोक दिसायचं. दगड-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब, माजघरावर माळा, वर मंगळुरी कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं त्यात अर्धी कौलं उडाली, तेव्हा ताडपत्री टाकून भागवलं आणि मग दर पावसाळ्यात माजघरात बादल्या. काका-काकू दोघंच राहतात, वय झालंय, कंटाळले होते ते मी समजू शकते.

हा माणूस आला, गोड बोलला. पाडायचे पैसे नकोत म्हणाला, फक्त जुनं लाकूड आणि कौलं आमची. काकांना वाटलं फुकटात काम होतंय. अहो, एवढ्या जुन्या सागाच्या तुळया, खांब, दरवाजे आज वखारीत काय भावाने जातात ते त्याला पक्कं माहीत होतं, काकांना नव्हतं. परवानगीचं विचारलं तर म्हणाला ग्रामपंचायतीचं मी बघतो काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी पनवेलला असते, मला फोनवर कळलं तेव्हा जेसीबी लागून गेला होता. दोन दिवसात ओटी, पडवी, माजघर, सगळं राबिट. काकूंच्या देवघराचा कोनाडा तेवढा एका भिंतीत उभा राहिला होता, तोही तिसऱ्या दिवशी पाडला.

मग कॉलमसाठी खड्डे खणले, फुटिंग भरलं, आणि काम थांबवायची नोटीस आली.

आता नीट वाचा, कारण हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. रेवदंड्याचा कोट केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा जो प्राचीन स्मारकांचा कायदा आहे त्यात २०१० ला दुरुस्ती झाली, त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्याच्या पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. पुढच्या २०० मीटरमध्ये अर्ज करून नवीन बांधकामाची परवानगी मागता येते, पण १०० मीटरच्या आत खाजगी माणसाला नवीन घराची परवानगी मिळतच नाही. तिथे १६ जून १९९२ च्या आधीपासून घर उभं असेल तर त्याची दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. ग्रामपंचायतीचा कागद त्याच्या जागी चालत नाही. आणि प्रतिबंधित क्षेत्रात बांधकाम केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणजे बघा, घर उभं होतं तोवर काकांना ते दुरुस्त करायचा हक्क होता, जुन्या घरपट्टीच्या पावत्या ट्रंकेत होत्या त्या पुरावा म्हणून लागल्या असत्या. घर पाडल्यावर दुरुस्त काय करणार? जोतं? या माणसाने काकांचं नुसतं घर नाही पाडलं, त्या जागेवर परत घर व्हायची वाटच बंद केली, आणि आता फोन केला तर म्हणतो जागा तुमची, नोटीस तुमच्या नावाची, तुम्ही बघा.

मी त्याला समोरासमोर विचारलं की एवढा किल्ला शेजारी दिसत असताना तुम्हाला माहीत नव्हतं का, तर म्हणाला ताई ते पडके दगड आहेत, कोण विचारतंय. मला फार राग आला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेला कोट आहे तो, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, आणि आमची वस्ती, वाड्या, विहिरी, कौलारू घरं हे त्याच्याच पोटात आणि कडेने वाढलेलं गाव आहे. तटाला धरून एक-एक घर जाऊन तिथे काचेचे बंगले आले तर मग तिथे बघायचं काय राहणार ते मला कुणी सांगा.

शेजारच्यांचं घर आमच्याच वयाचं, तेही वादळात असंच फाटलं होतं. त्यांनी रीतसर अर्ज केला, बराच वेळ गेला, चकरा झाल्या, पण परवानगी आली. गावातल्याच सुताराने दोन तुळया आणि कुजलेले वासे बदलले, रीप नवीन मारली, कौलं उतरवून धुवून परत चढवली, भिंतींना सिमेंट न लावता चुन्याचाच गिलावा केला. या पावसात थेंब गळला नाही. काका संध्याकाळी त्यांच्याच ओटीवर जाऊन बसतात, मला ते बघवत नाही.

कामाचा स्पीड चांगला होता, तेवढं कबूल करते. बाकी काही चांगलं लिहिण्यासारखं नाही.

एक विनंती. आमच्या पुढच्या दाराची सागवानी चौकट त्याने कुठे विकली ते सांगत नाहीये. गणेशपट्टीवर मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना कमळं, आणि उजव्या खांबावर खालच्या अंगाला आम्हा भावंडांच्या उंचीच्या चाकूने मारलेल्या खुणा आहेत. अलिबाग, पेण, पनवेलकडच्या कुठल्या जुन्या लाकडाच्या वखारीत कुणाला दिसली तर इथे खाली लिहा, मी विकत घ्यायला तयार आहे.