'१९६८ ची फियाट' सांगून मला भंगारातली टॅक्सी विकली, ७,१४,५०० रुपये गेले

आधी हिशोब देतो. गाडीचे ५,८५,००० (टोकन ५१,०००, आरटीजीएस ४,००,०००, उरलेले १,३४,००० रोख, पावती नाही), व्हिंटेज नोंदणी करून देतो म्हणून ३८,०००, कोल्हापूरला घाटावर आणायचं ट्रेलरचं भाडं १७,५०० आणि वर मी हौसेने केलेलं सीट-क्रोमचं काम ७४,०००. एकूण ७,१४,५००. नातेवाईकांना अजून अर्धाच आकडा माहीत आहे, तेव्हा ओळखीच्यांनी घरी फोन करू नका.

जुन्या गाड्यांच्या बाजारात काय काय चालतं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही होतं, एकाच्या कागदावर दुसरी गाडी, मीटर मागे फिरवणं, पुट्टीवर पॉलिश, सगळं. मी काही अडाणी नाही, आमच्या घरी फियाट होती, तिचा स्टिअरिंगवरचा गिअर टाकत मी गाडी शिकलो. म्हणूनच तर अडकलो असं आता वाटतं.

विकणारा माणूस नवी मुंबईकडचा. फार्महाऊस, फरसबंदी, त्यावर चार-पाच जुन्या गाड्या पुसून उभ्या. बोलणं एकदम गोड. म्हणाला, साहेब, ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली पद्मिनी (फियाटचंच नंतरचं नाव) टॅक्सी बंद झाली, आता फियाट बघायला मिळणार नाही, भाव सोन्यासारखे चढणार. त्यात ही पद्मिनी पण नाही, त्याच्या आधीची, १९६८ ची डिलाइट मॉडेल, म्हणजे ५० वर्षांच्या वर, म्हणजे २०२१ च्या नियमात बसते, व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. हे नियमाचं सगळं खरं आहे बरं का. नवीन नोंदणीला २०,००० फी, १० वर्षांची मुदत, नंतर ५,०००. त्याने एकही नियम खोटा सांगितला नाही, फक्त गाडी खोटी दिली.

कागद अस्सल होते. जुनं आरसी बुक, पिवळी पडलेली पानं, आरटीओचे शिक्के, काळ्या प्लेटवरचा जुना नंबर. ऑनलाइन पण दिसत होता नंबर, बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची संगणकात नोंद) झालेली, हायपोथिकेशन म्हणजे गाडीवर कर्ज नाही, ब्लॅकलिस्ट नाही. आता यापुढे सामान्य माणसाने अजून काय तपासायचं सांगा.

आणि हो, तो क्षण. झोप लागत नाही मला त्याच्यामुळे. मी गाडीत बसलो, सवयीने हात बाजूला गेला आणि बेल्ट ओढून लावला. खटकन बसला. मी म्हणालो, वा, बेल्ट पण बसवलेत! तो म्हणाला, फॅमिली बसते साहेब, सेफ्टी पहिली. आणि मी मान डोलावली! भारतात नव्या गाडीला पुढचे बेल्ट सक्तीचे झाले मार्च १९९४ पासून. ६८ च्या गाडीच्या मधल्या पिलरला (दोन दारांमधल्या खांबाला) कंपनीचा बोल्ट, कंपनीची टोपी, इतका सरळ बसलेला बेल्ट कुठून येईल? नंतर कोणी बसवला तर ड्रिल मारलेलं दिसतं, वॉशर दिसतो. माझ्या बोटाखाली होता तो बोल्ट. पण तुम्हीच सांगा, बेल्ट आहे म्हणून संशय घेणारा माणूस असतो का, आपण बेल्ट नसला तर विचारतो. शिवाय चेसिस नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरचा) पेन्सिलने छापा घ्यायला निघालो तर म्हणे नवीन पेंट आहे साहेब, घासू नका, मी फोटो पाठवतो. फोटो आला. दुसऱ्याच गाडीचा असणार. छापा घेऊ देत नाही त्याच्याशी पुढे बोलूच नका, चहा पण पिऊ नका.

कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे मागचं ब्रेकचं काम काढलं तेव्हा फुटलं सगळं. मिस्त्री म्हातारे, फियाटवरच आयुष्य गेलेलं. त्यांनी बेल्टचा बोल्ट खोलला, पिलरमध्ये टॉर्च मारला आणि म्हणाले, "मालक, हा नट कंपनीत वेल्ड केलेला हाय. आणि आतला रंग बघा." आत काळा. वर टपाचं कापड सोडवलं तर पिवळा. डिकीत मॅटखाली भोकं बुजवलेली, ती सीएनजीच्या टाकीच्या ब्रॅकेटची. डाव्या बाजूला पुढे पत्र्यात पुट्टी भरलेली, तिथे मीटर असायचा. बॉनेटखाली चेसिस नंबरच्या भोवती चौकोनी वेल्ड, म्हणजे ६८ च्या मेलेल्या गाडीचा नंबर कापून आणून चिकटवलेला. टॅक्सी बंद झाली म्हणून भाव वाढले म्हणाला आणि टॅक्सीच विकली नालायकाने.

व्हिंटेज नोंदणीचे ३८,००० पण गेले, सरकारी पोर्टलवर अर्जच नाही. तो अर्ज ऑनलाइन करायचा असतो, अर्जाचा नंबर येतो, तो मागा लगेच.

आता पोलीस. इथल्या ठाण्यात म्हणाले व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. मी म्हटलं कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो ना, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, तर हवालदार म्हणाला, फार वाचता वाटतं. तिकडे गेलो तर साहेब बंदोबस्तात. मग साहेब भेटले तर म्हणे गाडी मिळाली ना तुम्हाला, मग हा दिवाणी मॅटर, वकील बघा. अहो पैसे घेऊन खोटी वस्तू दिली, न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, पूर्वीचं चारशेवीस, अजून काय व्हायला पाहिजे? १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणाले हा सायबर नाही. बँक म्हणाली तुम्ही स्वतः आरटीजीएस केलंय. खातं होतं त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, आरसीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एक नसेल तर पैसे टाकू नका. आरटीओत कळस झाला. जुनं रजिस्टर सापडत नाही म्हणाले, आणि चेसिसशी छेडछाड झालेली गाडी कोणाच्या नावावर आहे? तुमच्या. मग चौकशी तुमची होईल! म्हणजे मी चोर. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, प्रत्येक जण मला असं बघतोय जणू मीच ग्राइंडर घेऊन नंबर कापला. लेखी द्या म्हटलं की लंच टाइम. शेवटी वकिलाने अर्ज कोर्टातून टाकायला सांगितलाय, त्याची फी वेगळी, ती वरच्या हिशोबात नाही.

आणि भाव चढणार या भ्रमात असाल तर जरा थांबा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच. साध्या नंबरवर ठेवली तर २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि डायफ्राम खराब होतात, मिस्त्रींनी माझेच दाखवले, बोटाने तुटत होते. टॅक्सी भंगारात गेल्या तेव्हा स्वस्त पार्ट मिळाले, तो साठा काही जन्मभर पुरणार नाही. आणि फियाटवर जीव टाकणारे आम्ही पन्नाशी-साठीचे लोक, माझा पुतण्या तर गाडीत बसून विचारतो एसी कुठाय. आमच्यानंतर घेणार कोण? आवड म्हणून घ्या, जरूर घ्या. गुंतवणूक म्हणून सांगणाऱ्याला विचारा, मग तू का विकतोस.

परवा त्याचीच नवीन जाहिरात दिसली. तीच फरसबंदी, आकाशी रंगाची '१९६६ ची डिलाइट, सिंगल ओनर', ६,४०,०००. कोणी बघायला जाणार असेल तर सोबत मिस्त्री न्या, पान्याने पिलरचा बोल्ट खोलायला लावा, डिकीची मॅट उचला, टपाचं कापड कोपऱ्यात सोडवून बघा. आणि जमलं तर मला कळवा, मला तिथे यायचंय.